आकृती वैध, पण खरी?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयातील प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी हातात कागद घेऊन माझ्याकडे आली. तिच्या वडिलांना शेतात ठिबक सिंचनाच्या नळ्या टाकायच्या होत्या. नळ्या किती लागतील हे ठरवायला शेताचे क्षेत्रफळ हवे होते. तिने वडिलांच्या मदतीने फितीने शेत मोजले, पाचही कोपऱ्यांचे निर्देशक काढले आणि नकाशे हाताळणाऱ्या एका संगणकीय आज्ञावलीत ते भरले. उत्तर आले ३३.५ आर.

"सर, वडील म्हणतात आपलं रान पावणेदोन एकराला थोडंसंच कमी आहे. हे तर एक एकरसुद्धा होत नाही!"

आज्ञावलीने एक इशाराही दिला होता : 'आकृती अवैध आहे'. आकृती दुरुस्त करण्याची सोयही त्याच आज्ञावलीत होती. तिने ती वापरली. इशारा नाहीसा झाला आणि क्षेत्रफळ झाले ४६.८ आर. शेत तेच, मोजमाप तेच, पण उत्तरे दोन. आणि वडिलांना त्यांतले एकही पटेना.

वडिलांचेच बरोबर होते. फीत चुकली नव्हती आणि संगणकाची आकडेमोडही चुकली नव्हती. मग शेत गेले कोठे? वही, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसा. आपणच ते शोधून काढू.

संगणकाला आकृती दिसत नाही

शेताच्या एका कोपऱ्याला अ म्हणू आणि तेथे आरंभबिंदू धरू. मीटरमध्ये मोजलेले कोपरे असे : अ (०, ०), ब (८०, ०), क (१००, ५०), ड (५०, ९०), इ (०, ६०). आलेख कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे १० मीटर असे प्रमाण घेऊन हे बिंदू मांडा आणि अ-ब-क-ड-इ-अ असे जोडा. एक सुबक पंचकोन मिळेल.

कागदावर आपल्याला शेत एका दृष्टिक्षेपात दिसते. संगणकाजवळ मात्र फक्त संख्यांच्या जोड्यांची एक यादी असते. यादीतील क्रमाने एका बिंदूपासून पुढच्या बिंदूपर्यंत सरळ रेषा आहे आणि शेवटी आपण आरंभाला परत येतो, एवढेच त्याला ठाऊक असते. कडेला बांध आहे, आत माती आहे, हे तो जाणत नाही. 'आत' आणि 'बाहेर' हे सर्व त्याला यादीवरून गणिताने काढावे लागते.

त्या दिवशी क कोपऱ्यावर कडब्याची गंज उभी होती. म्हणून बापलेकींनी ब नंतर ड मोजला, मग गंज बाजूला करून क मोजला आणि शेवटी इ. यादीत बिंदू त्याच क्रमाने उतरले : अ, ब, ड, क, इ. आता तुमच्या कागदावर हे बिंदू वेगळ्या रंगाने याच क्रमाने जोडा. ब-ड आणि क-इ या दोन भुजा एकमेकींना छेदतात आणि शेताला पीळ पडल्यासारखा दिसतो. एक मोठी पाकळी व एक लहान पाकळी अशी ही आकृती होते.

वजा झालेली जमीन

बिंदूंच्या यादीवरून क्षेत्रफळ काढण्याचे एक सुंदर सूत्र आहे. जर्मन गणिती माइस्टर यांनी १७६९ मध्ये त्याचे वर्णन केले. गुणाकार तिरपे घ्यावे लागतात म्हणून त्याला बुटाच्या लेसचे सूत्र असेही म्हणतात. प्रत्येक भुजेसाठी पहिल्या बिंदूचा क्ष व दुसऱ्या बिंदूचा य यांचा गुणाकार करा. त्यातून दुसऱ्याचा क्ष व पहिल्याचा य यांचा गुणाकार वजा करा. सर्व भुजांसाठी येणाऱ्या संख्यांची बेरीज करून ती निम्मी करा.

योग्य क्रमाने अ-ब, ब-क, क-ड, ड-इ, इ-अ या भुजांसाठी अनुक्रमे ०, ४०००, ६५००, ३००० आणि ० मिळतात. बेरीज १३,५०० आणि तिची निम्मी ६,७५० चौरस मीटर. १०० चौरस मीटर म्हणजे १ आर, म्हणून शेत ६७.५ आर. सुमारे ४०.५ आरचा एक एकर होतो; म्हणजे वडिलांचा अंदाज अगदी नेमका होता.

चुकलेल्या क्रमाने मात्र ०, ७२००, उणे ६५००, ६००० आणि ० मिळतात. बेरीज ६,७०० व निम्मी ३,३५०. हेच ते ३३.५ आर.

ही उणे संख्या कोठून आली? बांधावरून चालताना शेत आपल्या डाव्या हाताला असेल, तर हे सूत्र क्षेत्रफळ अधिक धरते. उजव्या हाताला असेल, तर उणे धरते. पीळ पडलेल्या आकृतीत छेदनबिंदू ओलांडताच डावे-उजवे बदलते. मोठी पाकळी ४,०१३.८ चौरस मीटरची आहे, ती अधिक. लहान पाकळी ६६३.८ चौरस मीटरची आहे, ती उणे. वजाबाकी बरोबर ३,३५०. संगणकाने शेताच्या एका भागातून दुसरा भाग वजा केला होता!

याहून विलक्षण उदाहरण हवे असेल तर ४० मीटर लांब व ३० मीटर रुंद असा आयत घ्या आणि त्याचे दोन लगतचे कोपरे यादीत उलटसुलट करा. दोन्ही पाकळ्या सारख्याच होतात आणि १,२०० चौरस मीटरच्या जागेचे क्षेत्रफळ चक्क शून्य येते. शून्य आले तर निदान चूक लगेच लक्षात येते. ३३.५ आर हे उत्तर खऱ्यासारखे दिसते. म्हणून ते अधिक धोक्याचे.

'आत' म्हणजे नेमके कोठे?

फ्रेंच गणिती कामिय जॉर्डन यांनी १८८७ मध्ये एका प्रमेयाची सिद्धता मांडली. स्वतःला कोठेही न छेदणारी बंद वक्ररेषा प्रतलाचे बरोबर दोन भाग करते, एक आतला व एक बाहेरचा, असे ते प्रमेय सांगते. ऐकताना यात सिद्ध करण्यासारखे काय आहे असे वाटते. पण 'स्वतःला न छेदणारी' ही अट काढून टाका, की गोंधळ सुरू होतो.

एकही रेघ न उचलता काढतात ती पाच टोकांची चांदणी काढा. मधला पंचकोन चांदणीच्या आत आहे की बाहेर? एक नियम असा : त्या ठिकाणाहून कोणत्याही दिशेने सरळ बाहेर चालत जा आणि किती रेषा ओलांडल्या ते मोजा. संख्या विषम असेल तर तुम्ही आत होता, सम असेल तर बाहेर. मधल्या पंचकोनातून निघालात तर दोन रेषा लागतात, म्हणजे तो बाहेर ठरतो. दुसरा नियम असा : रेषेवरून चालणाऱ्याने त्या ठिकाणाभोवती किती प्रदक्षिणा घातल्या ते मोजा, एकही नसेल तर ते ठिकाण बाहेर. मधल्या पंचकोनाभोवती दोन प्रदक्षिणा होतात, म्हणजे तो आत ठरतो!

नियम दोन्ही तर्कशुद्ध आहेत, पण उत्तरे उलट आहेत. साध्या, न छेदणाऱ्या आकृतीत मात्र दोन्ही नियमांचे उत्तर नेहमी एकच येते. वैधतेच्या अटी घालण्याचे कारण हेच आहे. आकृती वैध असली की 'आत' या शब्दाला एकच अर्थ उरतो आणि क्षेत्रफळ, सीमा, दोन जमिनींचा सामाईक भाग ही सर्व गणिते निःशंकपणे करता येतात.

वैध आकृतीचे नियम

वेगवेगळ्या आज्ञावलींना एकमेकींचे नकाशे वाचता यावेत यासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या संस्थेने काही नियम ठरवले. २००४ मध्ये ते आयएसओ १९१२५ या आंतरराष्ट्रीय मानकातही आले. त्यांचा गाभा असा :

१. आकृतीची सीमा बंद असावी, म्हणजे यादीतील पहिला आणि शेवटचा बिंदू एकच असावा. म्हणून त्रिकोणालाही यादीत चार नोंदी लागतात.

२. सीमेने स्वतःला छेदू नये किंवा स्वतःवरून परत येऊ नये.

३. आकृतीत छिद्र असल्यास ते बाहेरील सीमेच्या आत असावे.

४. दोन सीमा एकमेकींना एखाद्या बिंदूत स्पर्श करू शकतात, पण छेदू शकत नाहीत आणि त्यांची कड सामाईक असू शकत नाही.

५. आतला भाग अखंड असावा. आतल्या कोणत्याही ठिकाणाहून दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी सीमा न ओलांडता जाता आले पाहिजे.

छिद्र म्हणजे काय, असा प्रश्न पडेल. जगाच्या नकाशात दक्षिण आफ्रिका पाहा. लेसोथो हा देश पूर्णपणे तिच्या पोटात आहे. म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या आकृतीला एक छिद्र आहे. भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवरील छितमहलांचा प्रकार तर यापुढचा होता. दहाला खगडाबाडी नावाचा सुमारे ७,००० चौरस मीटरचा भारतीय तुकडा बांगलादेशाच्या एका तुकड्याच्या आत होता, तो तुकडा भारताच्या तुकड्यात आणि तो पुन्हा बांगलादेशात! म्हणजे साधारण आपल्या विद्यार्थिनीच्या शेताएवढी जमीन तीन सीमांच्या आत अडकलेली होती. १ ऑगस्ट २०१५ पासून १११ भारतीय व ५१ बांगलादेशी छितमहलांची अदलाबदल झाली आणि हा गुंता सुटला. अशा नकाशात छिद्रातील बेटाला वेगळी आकृती म्हणून नोंदवावे लागते. ते छिद्रातील छिद्र म्हणून नोंदवले तर संगणक त्या आकृतीला अवैध ठरवतो.

संगणक तपासतो कसा?

दोन भुजा एकमेकींना छेदतात की नाही हे न बघता कसे कळेल? ब-ड या रेषेवर ब कडून ड कडे तोंड करून उभे राहा. क उजव्या हाताला आणि इ डाव्या हाताला येतो. आता इ-क रेषेवर उभे राहा. ब आणि ड हेही विरुद्ध बाजूंना पडतात. दोन्ही वेळा विरुद्ध बाजू आल्या, की भुजा छेदतात हे निश्चित. डावे की उजवे हे ठरवायलाही क्षेत्रफळाचे तेच सूत्र उपयोगी पडते. तीन बिंदूंच्या त्रिकोणाचे उत्तर अधिक आले तर डावे, उणे आले तर उजवे.

पाच भुजांच्या आकृतीत तपासायच्या जोड्या फक्त १०. पण कोकणच्या किनाऱ्यासारखी वाकडीतिकडी सीमा घेतली तर भुजा हजारोंनी होतात. १,००० भुजांच्या ४,९९,५०० जोड्या होतात, तर एक लाख भुजांच्या सुमारे ५०० कोटी. येथे एक युक्ती कामी येते. नकाशावरून एक उभी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायची आणि त्या क्षणी पट्टीवर शेजारी शेजारी असणाऱ्या भुजाच तपासायच्या. जॉन बेंटली आणि थॉमस ओटमन यांनी १९७९ मध्ये या पद्धतीने सर्व छेदनबिंदू शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. दूरदूरच्या भुजा तपासण्याची मेहनत तिने वाचते.

दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

दोष सापडला, आता दुरुस्ती. पोस्टजीआयएस ही नकाशांची माहिती साठवणारी मुक्त आज्ञावली २००१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि २०१२ च्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत आकृती वैध करण्याची आज्ञा आली. अशा आज्ञा साधारणपणे पुढीलप्रमाणे काम करतात. प्रथम सर्व छेदनबिंदू शोधून तेथे भुजा तोडतात. मग तुकड्यांपासून बंद होणारी कडी तयार करतात. शेवटी कोणते कडे आत आणि कोणते बाहेर हे ठरवून नवी आकृती जुळवतात.

आपल्या शेतात या रीतीने दोन पाकळ्या सुट्या झाल्या आणि दोन्हींची बेरीज झाली : ४,०१३.८ अधिक ६६३.८, म्हणजे ४,६७७.६ चौरस मीटर. हेच ते ४६.८ आर. एक जुनी युक्तीही पुष्कळजण वापरतात. आकृतीभोवती शून्य रुंदीची पट्टी काढायला संगणकाला सांगायचे, म्हणजे तो सीमा नव्याने आखतो. पण पीळ पडलेल्या आकृतीत या युक्तीने कधी कधी एक पाकळीच पुसली जाते. येथे लहान पाकळी गेली तर उरतील ४०.१ आर.

आता हिशेब पाहा. खरे शेत ६७.५ आर. दुरुस्तीपूर्वी ३३.५, एका दुरुस्तीने ४६.८, दुसरीने ४०.१. दुरुस्त झालेल्या आकृत्या नियमांत चोख बसतात, पण त्यांतील एकही आकृती म्हणजे ते शेत नव्हे.

दुरुस्तीत आणखी एक अडचण आहे. ब-ड आणि क-इ यांचा छेदनबिंदू क्ष = १८००/२९ आणि य = १५६०/२९ येथे येतो. १८०० ला २९ ने भागून पाहा : ६२.०६८९६५५... भागाकार संपतच नाही. संगणक साधारणपणे १५-१६ सार्थ अंक ठेवून पुढचे सोडून देतो. म्हणजे त्याने नोंदवलेला छेदनबिंदू दोन्ही रेषांवर तंतोतंत नसतो, केसभर बाजूला असतो. शेतात याने काही बिघडत नाही. पण जेथे अनेक रेषा अगदी जवळून जातात तेथे या केसभर सरकण्यानेच नवा छेद निर्माण होऊ शकतो. म्हणून दुरुस्तीनंतरही आकृती पुन्हा तपासावी लागते.

शेजारी शेजारी असलेल्या जमिनींचा प्रश्न तर निराळाच. दोन शेतकऱ्यांनी एकच बांध आपापल्या वेळी मोजला तर आकड्यांत थोडा फरक पडतोच. दोन्ही आकृत्या स्वतंत्रपणे वैध असतात, पण शेजारी ठेवल्या की कोठे एक निमुळती पट्टी दोघांच्याही नावावर येते, तर कोठे ती कोणाच्याच नावावर नसते. बांधावरून भांडणे कशी होतात हे गावात राहणाऱ्यांना सांगायला नको. यावर चांगला उपाय म्हणजे सामाईक बांध एकदाच नोंदवायचा आणि दोन्ही शेतांनी तीच नोंद वापरायची.

शेवटचा शब्द कोणाचा?

कोणी म्हणेल, संगणकानेच योग्य क्रम शोधून द्यावा. आपल्या पाच बिंदूंच्या बाबतीत ते जमले असते. पाच बिंदूंमधून १२ वेगवेगळ्या क्रमांनी बंद आकृती काढता येते. आपले पाचही कोपरे बाहेर आलेले असल्यामुळे त्या १२ पैकी एकच आकृती स्वतःला छेदत नाही. पण एखादा कोपरा आत दबलेला असेल तर?

हे स्वतः करून पाहा. (०, ०), (६०, ०), (०, ६०) आणि (१०, २०) हे चार बिंदू मांडा. चौथा बिंदू इतर तिघांच्या त्रिकोणात येतो. चारही बिंदू वापरून, स्वतःला न छेदणारे चौकोन किती काढता येतात? तीन. त्यांची क्षेत्रफळे काढा : ९००, १२०० आणि १५०० चौरस मीटर येतील. तिन्ही चौकोन वैध आहेत. जमीन मात्र जागेवर एकच असते. ती कोणती, हे चार बिंदूंच्या यादीत कोठेही लिहिलेले नाही, म्हणून कोणतीही आज्ञावली ते सांगू शकत नाही.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना सांगतो, की मूळ नोंद कधी खोडू नका आणि दुरुस्त केलेले उत्तर मूळ उत्तराशेजारी लिहा. नकाशालाही हाच नियम लागू आहे. मूळ मोजणी जपून ठेवावी. दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे क्षेत्रफळ ताडून पाहावे. फरक मोठा असेल तर 'दुरुस्ती झाली' म्हणून पुढे जाऊ नये, जागेवर जाऊन पाहावे.

आम्ही तेच केले. विद्यार्थिनीने वडिलांना फोन लावला आणि कोणत्या कोपऱ्यानंतर कोणता कोपरा मोजला ते विचारले. कडब्याच्या गंजीची गोष्ट तेव्हा कळली. तिने यादीतील दोन ओळींची अदलाबदल केली, पडद्यावरचा पीळ सुटला आणि ६७.५ आर हा आकडा उमटला. फोनवरून वडील एवढेच म्हणाले, "आता बरोबर आहे. नळ्या तेवढ्याच लागतील."

तुमच्या शाळेचे मैदान किंवा घरामागचे परसू याच पद्धतीने मोजून पाहा. मोजताना कोपऱ्यांना क्रमांक द्या आणि कच्चा नकाशा तेथेच, जागेवर काढा. क्षेत्रफळ सूत्राने काढा आणि आलेख कागदावरील चौकटी मोजून ताडून पाहा. मग मुद्दाम दोन कोपऱ्यांची अदलाबदल करा आणि तुमचे मैदान किती लहान होते ते बघा.